जुन्या जर्मन लष्करी पिस्तुलांवरच्या पलटणीच्या खुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलादावरची अक्षरे रोमन लिपीत असतात. इथे ती त्यांच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत: आर, जे, एस.डी. वगैरे. आकडे आणि टिंबे मात्र पिस्तुलावर असतात त्याच क्रमाने दिली आहेत, कारण टिंब कुठे आहे यावरही अर्थ ठरतो.

पलटणीची खूण म्हणजे नेमके काय?

सैन्याने पिस्तूल एखाद्या रेजिमेंटला दिले, की तिथला शस्त्र-कारागीर रेजिमेंटचा क्रमांक, दलाचे अक्षर, कंपनी आणि त्या कंपनीतल्या शस्त्राचा क्रमांक हातोडी आणि ठोकळ्यांनी पिस्तुलावर ठोकत असे. कारखान्याचा या खुणेशी काही संबंध नसतो. म्हणून ती अक्षरे थोडी वाकडी, कमीजास्त खोल आणि ओळीच्या वरखाली गेलेली दिसतात. हा दोष समजू नये, अस्सल खूण अशीच दिसते.

खूण शोधायच्या आधी काय करावे?

पिस्तूल रिकामे करावे. लुगर म्हणजे पी.०८ असेल तर आधी मॅगझिन काढा, मग टॉगल, म्हणजे वरचा गुडघ्यासारखा सांधा, मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसण्याच्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून चाचपा. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारी पट्टी, वर उचललेला असेल आणि त्याच्या डाव्या बाजूला ‘गेलाडेन’ (‘भरलेले’) हा शब्द दिसत असेल तर चेंबरमध्ये गोळी आहे. या पिस्तुलाचा एक धोका पुष्कळांना माहीत नसतो. त्याची सिअरची पट्टी, म्हणजे गोळी झाडणारी सुई अडवून धरणारा भाग, नळीच्या वरच्या भागाला बाहेरच्या बाजूने बसवलेली असते. चेंबरमध्ये गोळी ठेवून वरचा भाग मुठीपासून वेगळा केला आणि ती पट्टी दाबली गेली, तर ट्रिगर नसतानाही गोळी सुटते. खात्री होईपर्यंत काहीही खोलू नका.

खूण कुठे सापडते?

पी.०८ वर मुठीच्या पुढच्या पट्टीवर, म्हणजे पिस्तूल हातात धरल्यावर बोटे जिथे टेकतात तिथे. नौदलाच्या पिस्तूल ०४ वर मुठीच्या मागच्या पट्टीवर. १८७९ आणि १८८३ च्या लष्करी रिव्हॉल्व्हरवरही मागचीच पट्टी पाहावी. माउझर सी ९६ वर मुठीची पुढची पट्टी बघा.

उजव्या बाजूला चेंबरजवळ ओळीने दिसणारी मुकुटाखालची गॉथिक अक्षरे ही पलटणीची खूण नव्हे. ते कारखान्यातल्या तपासनिसांचे शिक्के आहेत. शेजारचा गरुड चाचणीची गोळी झाडल्याचा. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो.

कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या, १९१८ पर्यंतच्या) काळातली खूण कशी वाचायची?

क्रम असा: रेजिमेंट, दल, कंपनी, शस्त्र. समजा पुढच्या पट्टीवर ‘१२१. आर. ७. २१.’ असे आहे. १२१ हा रेजिमेंटचा क्रमांक आणि आर म्हणजे पायदळ रेजिमेंट. ७ ही कंपनी, २१ हे त्या कंपनीतले एकविसावे शस्त्र. १२१ वी रेजिमेंट वुर्टेमबर्गची, तिची छावणी लुडविग्सबुर्गला होती. पायदळाच्या रेजिमेंटमध्ये तीन बटालियन आणि प्रत्येक बटालियनमध्ये चार कंपन्या, म्हणजे सातवी कंपनी दुसऱ्या बटालियनची. एवढ्या दहा-बारा चिन्हांतून शहर आणि बटालियन दोन्ही हाती लागतात.

सुरुवातीला ‘बी.’ असेल तर बव्हेरिया. ‘बी. ६. आर. ४. ३२.’ ही बव्हेरियाची सहावी पायदळ रेजिमेंट, आंबेर्गची. बव्हेरियाने आपल्या रेजिमेंटांची मोजणी १ ते २३ अशी स्वतंत्र ठेवली होती. म्हणून ‘बी’ झिजलेला असला तर सहावी रेजिमेंट प्रशियाची की बव्हेरियाची हे ओळखता येत नाही. ओळीच्या सुरुवातीची रिकामी जागा भिंगाखाली पाहिल्याशिवाय वाचन पक्के धरू नये.

‘जी’ असेल तर गार्ड. ‘१. जी. आर.’ म्हणजे पॉट्सडॅमची पहिली गार्ड पायदळ रेजिमेंट. अशा पिस्तुलांना मागणी जास्त, त्यामुळे बनावटही याच खुणेची जास्त.

घोडदळात यू म्हणजे उलान, एच म्हणजे हुसार, डी म्हणजे ड्रॅगून, के म्हणजे क्युरासिअर. ए म्हणजे तोफखाना, पी म्हणजे पायोनियर, अर्थात लष्करी अभियंते, टी म्हणजे ट्रेन, अर्थात वाहतूक दल. एम.जी. दिसले तर मशीनगन कंपनी. मशीनगनवाल्यांकडे रायफल नसे, पिस्तूल असे, म्हणून ही खूण बऱ्यापैकी सापडते.

क्रमांकावरून प्रदेश कळतो का?

कळतो. पायदळाच्या रेजिमेंटा पहिल्या महायुद्धाआधी १ ते १८२ अशा होत्या. १०० ते १०८ सॅक्सनीच्या, १०९ ते ११४ बाडेनच्या, ११५ ते ११८ हेसेनच्या, ११९ ते १२७ वुर्टेमबर्गच्या. याखेरीज १३३, १३४, १३९, १७७, १७८, १७९, १८१ आणि १८२ सॅक्सनीच्या, १४२, १६९, १७० बाडेनच्या आणि १८० वुर्टेमबर्गची. हे आकडे वहीत उतरवून ठेवा, पिस्तूल हाती आले की रोज लागतील.

याच आकड्यांनी खोटेपणाही पकडता येतो. युद्धाआधी उलान रेजिमेंटा २१ होत्या, ड्रॅगून २६, हुसार २०, क्युरासिअर ८. कुणी ‘३५. यू.’ अशी खूण दाखवली तर अशी रेजिमेंटच नव्हती. एकतर वाचन चुकले आहे किंवा खूण बनावट आहे. तसेच पायदळात बारा कंपन्या आणि १९१३ पासून तेरावी मशीनगन कंपनी, म्हणून ‘आर’ नंतर पंधरावी किंवा अठरावी कंपनी दिसली तर थांबून विचार करावा. तोफखान्याच्या मैदानी रेजिमेंटमध्ये साधारण सहा बॅटऱ्या, घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये पाच स्क्वॉड्रन.

तेच अक्षर वेगळ्या काळात वेगळे असते, हे खरे का?

खरे आहे, आणि खुणांची पारख मुख्यतः यावरच चालते. अक्षर ओळखता आले म्हणून अर्थ लागला असे होत नाही. आधी काळ ठरवावा, मग अक्षर वाचावे.

‘आर.आर.’ घ्या. कैसरच्या सैन्यात तो राखीव पायदळ रेजिमेंट. १९२० च्या दशकातल्या राइशवेअरमध्ये, म्हणजे पराभवानंतरच्या छोट्या जर्मन सैन्यात, तोच ‘रायटर-रेजिमेंट’, म्हणजे घोडदळ. ‘जे’ तसाच. कैसरच्या काळात जे म्हणजे येगर, हलक्या पायदळाची बटालियन. राइशवेअरमध्ये ‘जे.आर.’ म्हणजे साधी पायदळ रेजिमेंट, कारण ‘इन्फांट्री’ शब्दातल्या आयच्या जागी ठोकळ्यांत जे वापरत.

काळ कशावरून ठरवायचा? चेंबरवरचे साल, खुणेचा आराखडा आणि पिस्तुलाची बनावट या तिघांवरून. आराखडा सर्वांत सोपा. कैसरच्या खुणेत रेजिमेंटचा आकडा आधी येतो. राइशवेअरच्या खुणेत बहुधा कंपनी आधी येते आणि पुढे तिरकी रेघ असते: ‘१०./जे.आर.१३.४४’ म्हणजे तेराव्या पायदळ रेजिमेंटची दहावी कंपनी, शस्त्र ४४.

राइशवेअरचा आकार व्हर्सायच्या तहाने एक लाखावर बांधलेला होता: सात पायदळ डिव्हिजन आणि तीन घोडदळ डिव्हिजन. म्हणून पायदळ रेजिमेंटा १ ते २१, घोडदळ १ ते १८, तोफखाना १ ते ७. ‘जे.आर.४५’ अशी खूण कुणी राइशवेअरची म्हणून दाखवली तर ती तशी असू शकत नाही.

चेंबरवर १९१७ आणि १९२० अशी दोन साले का असतात?

१९१७ हे बनवल्याचे साल. १९२० ही मालकीची खूण. महायुद्धानंतर लाखो शस्त्रे सैनिकांबरोबर घरी गेली होती आणि ऑगस्ट १९२० च्या कायद्याने नागरिकांना ती जमा करायला लावली. सरकारी मालकीचे शस्त्र वेगळे ओळखू यावे म्हणून सैन्याने आणि पोलिसांनी त्यांच्याकडच्या शस्त्रांवर १९२० ठोकले. फक्त १९२० असेल तर ते पिस्तूल १९२० मध्ये बनले असा अर्थ काढू नये. मूळ साल बहुधा त्याच्याजवळ असते, कधी घासून काढलेले असते.

‘एस.डी.’ म्हणजे नाझींच्या एस.एस. ची गुप्तहेर सेवा ना?

बहुतेक वेळा नाही. पुढच्या पट्टीवर एस.डी. आणि पुढे रोमन आकडा, मग आणखी दोन आकडे असतील तर ते प्रशियाच्या पोलिसांचे: शुट्झपोलिझाय, ड्युसेलडॉर्फ. प्रशियाच्या पोलीस पद्धतीत पहिले ‘एस’ म्हणजे शुट्झपोलिझाय (गणवेशधारी पोलीस) आणि पुढचे अक्षर जिल्ह्याचे. ‘एस.बी.’ बर्लिन, ‘एस.एआर.’ आर्न्सबेर्ग. हाच एस.डी. गुप्तहेर सेवेचा म्हणून विकला जातो तेव्हा किंमत कित्येक पटींनी वाढवून सांगितली जाते. विकत घेणाऱ्याने रोमन आकडा दिसला की लगेच ड्युसेलडॉर्फ आठवावे.

पोलिसांच्या लुगरवर आणखी एक साक्ष सापडते. साइड-प्लेटच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या झाकणपट्टीच्या, वर एक छोटी पट्टी बसवलेली दिसली तर ती १९३० च्या दशकातली सिअरची जादा सुरक्षा. लुगरची वर सांगितलेली खोड जाणून पोलिसांनी ती बसवली. मागाहून काढून टाकली असली तरी भोके राहतात. अशी भोके आणि ‘एस’ची खूण एकत्र सापडली तर दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात.

नौदलाची खूण कशी वेगळी?

कैसरच्या नौदलात मागच्या पट्टीवर गोदी किंवा डिव्हिजन. ‘डब्ल्यू.के.’ म्हणजे कीलची शाही गोदी, ‘डब्ल्यू.डब्ल्यू.’ म्हणजे विल्हेल्म्सहाफेनची, पुढे शस्त्राचा आकडा. ‘एम.डी.’ म्हणजे माट्रोझेन-डिव्हिजन, खलाशांची. तिच्या आधी रोमन एक असेल तर कील आणि बाल्टिक समुद्र, दोन असेल तर विल्हेल्म्सहाफेन आणि उत्तर समुद्र. नौदलाचा तपासणी-शिक्का मुकुटाखाली एम.

हिटलरच्या काळात मुकुटाच्या जागी गरुडाखाली एम आला, आणि मुठीवर ‘ओ’ किंवा ‘एन’ आणि लांब आकडा. ओ म्हणजे ओस्टझे, बाल्टिक. एन म्हणजे नोर्डझे, उत्तर समुद्र.

पी.३८ या नंतरच्या लष्करी पिस्तुलावर पलटणीची खूण का मिळत नाही?

१९३० च्या दशकाच्या मध्यानंतर वेअरमाख्टने, म्हणजे हिटलरच्या सैन्याने, गुप्ततेसाठी ही पद्धत जवळजवळ बंद केली. शत्रूच्या हाती पिस्तूल लागले तर त्यावरून समोर कोणती रेजिमेंट आहे हे कळत असे. म्हणून पी.३८ वर दिसणारे ‘एसी’, ‘सीवायक्यू’, ‘बीवायएफ’ हे कारखान्यांचे संकेत आहेत: अनुक्रमे वाल्टर, श्प्रेवेर्क आणि माउझर. गरुडाखालचा आकडा शस्त्रखात्याच्या तपासनिसाचा, उदाहरणार्थ वाल्टरवर ३५९, श्प्रेवेर्कवर ८८. लुगरवरचे ‘एस/४२’ हेही माउझरचे, आणि त्याबरोबरचा ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५ हे साल. यांत कुठेही पलटण नाही. पी.३८ वर मोठी, स्पष्ट पलटण-खूण दिसली तर संशयानेच सुरुवात करावी.

शस्त्राचा क्रमांक आणि अनुक्रमांक यांत गोंधळ होतो. फरक काय?

अनुक्रमांक कारखान्याचा. लुगरमध्ये तो दहा हजारांपर्यंत जाई, मग पुन्हा १ पासून सुरू करून मागे ए, बी, सी अशी छोटी अक्षरे लावत. म्हणून ‘४५१२’ आणि ‘४५१२ सी’ ही दोन वेगळी पिस्तुले आहेत. त्याचे शेवटचे दोन आकडे लहान भागांवर पुन्हा ठोकलेले असतात. पलटणीचा शस्त्रक्रमांक याहून वेगळा, बहुधा दोन किंवा तीन आकडी, आणि अनुक्रमांकाशी त्याचा काही मेळ लागत नाही.

मॅगझिनच्या तळाशी अनुक्रमांक जुळत असेल तर मोठीच गोष्ट. सोबत अधिकचे चिन्ह असेल तर ते जोडीचे दुसरे मॅगझिन. होल्स्टरच्या आत शाईने छापलेले ‘बी.ए.’ आणि रोमन आकडा हे कोअरच्या (अनेक डिव्हिजनांच्या गटाच्या) कपडेखात्याचे आहे. त्यावरून पिस्तुलाची पलटण ठरवू नये, होल्स्टर कधीही बदलले जाते.

अक्षरे झिजली आहेत. ती वाचायची कशी?

चोवीस तास हलके बंदुकीचे तेल लावून ठेवा, मग कापसाच्या बोळ्याने पुसा. खाचेतली घाण लाकडी दातकोरणीने काढा. स्टील वूल, पॉलिश पेस्ट, तारेचा ब्रश यांना हात लावू नका. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला धातूची बारीक उंच कड असते. ती अस्सलतेचा पुरावा आहे आणि ती एकदा घासली गेली की परत येत नाही.

मग खोली अंधारी करा आणि टॉर्च पट्टीला जवळजवळ समांतर, साधारण दहा अंशांवर धरा. दहापट भिंगातून पाहत टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. वरून पडणाऱ्या उजेडात ३ आणि ८ सारखे दिसतात, आडव्या उजेडात ३ ची डावी बाजू उघडी असल्याचे कळते. फोटोही असेच काढा, फ्लॅश बंद ठेवून.

तरीही उमगले नाही तर पातळ ट्रेसिंग पेपर पट्टीवर ताणून मऊ पेन्सिल, २बी किंवा ४बी, आडवी फिरवा. खडूची पूडही चालते, पण ती ओलावा धरते आणि गंज आणते. म्हणून काही मिनिटांत पुसून वर तेल लावावे.

सर्वांत फसवे अक्षर आर. त्याचा खालचा पाय बोटांच्या घर्षणाने आधी जातो आणि उरतो पी. अशा वेळी पायदळाचा पायोनियर होऊन बसतो. आधीचा आकडा पाहा: युद्धाआधीच्या पायोनियर बटालियन तिसापर्यंतच्याच. त्याआधी १२१ असेल तर तो पी नाही, पाय झिजलेला आर आहे. तसेच जी आणि सी, १ आणि जे एकमेकांत मिसळतात.

घासून काढलेली खूण आम्लाने वर आणण्याचा प्रयत्न करू नये. पृष्ठभाग कायमचा खराब होतो.

एकावर एक दोन खुणा आहेत, पहिलीवर रेघ मारलेली आहे. हे दुरुस्त करावे का?

मुळीच नाही. पिस्तूल एका रेजिमेंटकडून दुसरीकडे गेले की कारागीर जुन्या खुणेवर आडवी रेघ मारून खाली नवी ठोकत असे. कैसरची खूण रद्द आणि खाली राइशवेअरची, किंवा राइशवेअरची रद्द आणि खाली पोलिसांची, अशी पिस्तुले अत्यंत मोलाची, कारण एकाच पट्टीवर वीस वर्षांचा प्रवास वाचता येतो. रद्द झालेली खूण नव्या खुणेइतक्याच काळजीने वाचावी.

बनावट खूण कशी ओळखावी?

पलटणीची खूण ब्लूइंग, म्हणजे पोलादाला निळा-काळा संरक्षक रंग देणे, झाल्यानंतर ठोकली जाई. म्हणून अस्सल जुन्या खुणेत अक्षराच्या तळाशी काळपट-राखाडी जुना धातू दिसतो आणि कडांवर निळा रंग तुटलेला असतो. तळ चकचकीत पांढरा असेल तर खूण ताजी आहे. उलट तळातही बाकीच्या पिस्तुलासारखाच ताजा निळा रंग भरलेला असेल तर पिस्तूल पुन्हा ब्लू केलेले आहे. मग खूण अस्सल असू शकते, पण तिचे वय सांगणारा पुरावा गेला.

सगळी अक्षरे एकसारखी खोल, एका रेषेत आणि कडा गुळगुळीत असतील तर यंत्राने कोरलेली समजावी. मुठीच्या पट्टीवर सगळीकडे झीज आणि फक्त अक्षरांच्या कडा धारदार, हे तर लगेच डोळ्यांत भरते. साल आणि दल जुळते का हेही पाहा: चेंबरवर १९१८ असलेल्या पिस्तुलावर युद्धाआधीच्या शांततेतली खूण येणार कुठून?

हे पिस्तूल कोणत्या सैनिकाकडे होते हे कळेल का?

साधारणपणे नाही. शस्त्रक्रमांक माणसाचा नसे, कंपनीच्या शस्त्रसाठ्याचा असे. शिवाय प्रशियाच्या सैन्याचे दप्तर पॉट्सडॅमला होते आणि एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यातले बहुतेक जळाले. बव्हेरिया, वुर्टेमबर्ग आणि बाडेन यांची कागदपत्रे मात्र म्युनिक, श्टुटगार्ट आणि कार्लस्रूह इथे टिकली. म्हणून ‘बी’ची, १२१ ची किंवा ११० ची खूण असेल तर निदान त्या कंपनीचा मागोवा घेता येतो. ती कुठे लढली, कधी कुठे होती, हे मिळते. हा शोध करण्यासारखा आहे.

भारतात घरी असे पिस्तूल वारशाने आले असेल तर?

परवाना पाहा. जुने आहे, शोभेचे आहे म्हणून परवान्यातून आपोआप सूट मिळते असे धरून चालू नका, आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) गटात मोडते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, काढणे, बदलणे किंवा बनावट करणे हा गुन्हा आहे. ‘साफ करून’ अक्षरे उजळवण्याचा मोह इथे नुसती किंमत घालवत नाही, कायद्याच्या अडचणीतही टाकतो. परवाना नसेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, मग पोलीस ठाण्याशी बोला. खुणांचे फोटो त्यानंतर.

ठेवताना काय काळजी घ्यावी?

चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. कातडे कमावताना वापरलेली आम्ले आणि कातड्याने धरलेला दमटपणा यांनी मुठीच्या पट्टीवर, म्हणजे नेमके खुणेवर, गंजाचे खड्डे पडतात. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे एका मोसमात होऊ शकते. पातळ तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपात ठेवा. होल्स्टर शेजारी, वेगळे. हाताळल्यावर प्रत्येक वेळी पट्टी पुसा, बोटांचा घाम पहिल्यांदा तिथेच लागतो.